टाकीवरचा सराव

आणीबाणीच्या मागच्या सरावात एका खोट्या फोनला घाबरून टाकीवरच्या काकांनी सगळ्या गावाचं पाणी बंद केलं होतं. तेव्हापासून पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात चहाबरोबर त्यांची थट्टाही फिरायची, आणि त्यात सगळ्यांत पुढे असायच्या इंजिनीअरबाई. या वेळी फोन त्यांनीच लावला.

"काका, सराव आहे हं! समजा, टाकीत कुणीतरी विष टाकलंय. काय कराल?"

"पुन्हा? अहो, तुमचा माणूस सकाळीच सराव घेऊन गेला की! म्हणाला, 'समजा, मी विष टाकतोय.' मला झाकण उघडायला लावलं आणि अख्खा डबा ओतला. काय नाटक वठवलं, अगदी हुबेहूब!"

बाईंनी हातातला पेला टेबलावर ठेवला. त्यातलं अर्धं पाणी पिऊन झालं होतं.

"काका, मी कुणालाच पाठवलं नव्हतं. हा सराव नाही. आधी पाणी बंद करा!"

पलीकडे काका मनापासून हसले.

"या खेपेला नाही हं फसायचो, बाई. तुम्ही अगदी असंच म्हणाल, हेसुद्धा तो सांगून गेलाय."