दृष्टी परत देणारं बटण

"बटण," बोटाखाली येईल ते वाचून दाखवणारा फोन म्हणाला. "बटण. बटण. चित्र. बटण."

डोळे टक्क उघडे ठेवून काळोखात बसलेले निखिल सोहोनी काचेवर बोट फिरवत होते. "तळपदेसाहेब, यातलं दृष्टी परत देणारं कुठलं, तेवढं सांगा हो. संध्याकाळी लेकीच्या भरतनाट्यमचं अरंगेत्रम आहे."

समोरचे सरकारी निरीक्षक तळपदे जन्मांध होते. त्यांनी जांभई दिली. "तुमच्या जुन्या ॲपवरून लाइट बिल भरताना मीही तुमच्या मदत केंद्राला हेच विचारायचो, कुठलं बटण. ते म्हणायचे, घरातल्या कुणाला तरी दाखवा."

नवं ॲप बाजारात आणायचं, तर मालकाने डोळ्यांत थेंब घालून घ्यायचे आणि गेलेली नजर त्याच ॲपवरून स्वतः परत मिळवायची, असा कायदाच होता. अशा विनवण्या ऐकून ऐकून तळपद्यांचे कान किटले होते.

शेवटी सोहोनींनी केबिनबाहेरच्या आपल्या माणसांना हाक मारली. "अरे, बटणांना नावं द्या. किती महिने लागतील?"

"महिने कसले, सर? दहा मिनिटं. तुम्हीच म्हणाला होतात, पुढच्या वर्षी बघू."

चहा निवायच्या आत काम झालं. सोहोनींनी बटण दाबलं, उजेड दिसला, आणि ते घाईघाईने कोट चढवू लागले.

तळपदे त्याच फोनवर बोट फिरवत होते.

"बटण. बटण. दृष्टी परत करा. बटण. बटण."

"एकाच बटणाला नाव दिलंय," तळपदे थकून म्हणाले आणि पिशवीत थेंबांची बाटली चाचपू लागले. "बसा, सोहोनी."