वाट्याचं दूध

गूळ उकळायची लोखंडी काहील पुंजारामनं काठाला लावली, तशी सरू सगळ्यांच्या आधी तिच्यात जाऊन बसली. काल गोदावरीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा म्हातारी माणसं आणि तान्ही लेकरं याच काहिलीतून पहिल्या खेपेला पलीकडच्या शाळेत नेली. सरूची लेक सासूच्या मांडीवर गेली. मग धार वाढली आणि दुसरी खेप झालीच नाही.

आता उजाडलं होतं. सरूची छाती दगडासारखी झाली होती. चोळी दुधानं भिजून गेलेली.

"पुंजारामभाऊ, रडती का वो ती?"

"मी काठावरनंच फिरलो, वैनी. नीट धरून बसा."

पाणी तांबडं, गढूळ. मेलेलं कोंबडं वाहत गेलं. असल्या पाण्यात कुणी दुधाची पावडर कालवून पाजली असंल तर? सरूनं डोळे मिटून घेतले.

काहील टेकली न टेकली तोच ती शाळेकडं पळाली. व्हरांड्यात एक लेकरू रडत होतं. पण तो आवाज तिच्या लेकीचा नव्हता. लेक सासूच्या, द्वारकाबाईच्या मांडीवर गप पडून होती.

"आत्या, ही हलंना का?"

"झोपलीय. पोट भरलंय तिचं."

"काय पाजलं?"

द्वारकाबाईनं भिंतीकडच्या डब्यांकडं पाहिलं. "शहरातनं गुलमंडीच्या बाजारातल्या दुकानदारांनी पावडर धाडली. पन चांगलं पानी कुठंय? उकळावं तर लाकडं वली. म्या हात नाय लावू दिला कुनाला." मग तिनं शेजारी बसलेल्या, पहिल्या खेपेला कशीबशी जागा मिळालेल्या इलियास शिंप्याच्या बायकोकडं हनुवटी केली. "जहांआरानं पाजलं. रातभर, दोघांना."

रडणारं लेकरू जहांआराचंच होतं. ती ओशाळून म्हणाली, "भाभी, तुमाला विचारायचं राहून गेलं. लई रडत व्हती."

"आन हा का रडतोय?"

"आता मलाच दूध उतरंना. कालपासून पोटात काय नाय."

सरू धापा टाकत तिथंच खाली बसली. दोन्ही हात पुढं केले.

"आण इकडं."

पोरानं तोंड लावलं आणि गटगट आवाज सुरू झाला. दूध त्याच्या गालावरून ओघळलं, त्याला ठसका लागला, तरी सोडीना. सरूची ठणक उतरत गेली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. जहांआराही हसली. मदतवाल्यांनी किटलीतनं चहा आणला, तसा द्वारकाबाईनं पहिला कप जहांआरापुढं सरकवला.

तेवढ्यात लेक जागी झाली. आई दिसताच तिनं मोठ्यानं भोकाड पसरलं. सरूनं मोकळ्या हातानं तिला जवळ ओढलं.

"थांब गं बाई जराशी," ती म्हणाली, "पाव्हणा जेवतोय."