जोर लगा के

अमेरिकेत शेतात राबणारे गुलाम जी गाणी म्हणत, त्यांतून पुढे ब्लूज हे संगीत आलं. एकाने हाक द्यायची, बाकीच्यांनी उत्तर. शाळेच्या प्रोजेक्टसाठी निहिराला अशा गाण्याचं स्वतः केलेलं रेकॉर्डिंग हवं होतं. मुदत रविवारची होती, आणि अख्ख्या अबुधाबीत तिला ते मिळालं नव्हतं.

शनिवारी ती बाबांबरोबर दुबईतल्या जबल अलीच्या त्यांच्या गोदामात गेली. खोकी उचलणारी फोर्कलिफ्ट बंद पडली होती. दहा कामगार एक अवजड खोकं ढकलत होते.

"जोर लगा के!" त्यांच्यातल्या उस्मानभाईंनी सूर लावला.

"हैश्शा!" खोकं वीतभर सरकलं.

"बाबा, दॅट्स इट! एक्झॅक्टली धिस!" निहिराने घाईघाईने फोन काढला.

बाबांना पाहून सगळे गप्प झाले. खोकं थांबलं.

"व्हाय डिड यू स्टॉप, अंकल?"

उस्मानभाईंनी खांबाकडे बोट दाखवलं. तिथे नोटीस होती : काम करताना ओरडण्यास मनाई. खाली बाबांची सही.

बाबांनी ती दोनदा वाचली. मग बाह्या सरसावून खोक्याला खांदा लावला.

"फोन चालू आहे ना गं?" त्यांनी विचारलं, आणि घसा ताणून हाक दिली, "जोर लगा के!"

मग दहा जणांचं उत्तर आलं, आणि खोकं पुन्हा सरकलं.