लॉकरवरची पट्टी

क्रिस्पीन गवंड्याने जुन्या कबरीच्या कडेला टेप लावला, आकडा पाहिला आणि पुन्हा लावला.

"ही आखूड आहे," तो म्हणाला. "माझ्या बापाने खणलेली. एकोणीस वर्षांच्या गड्याला एवढीशी? म्हातारा त्या दिवशी प्यायलेला असणार."

"तू माप घे," तेल्मा आत्या म्हणाली. "बापाची उणीदुणी घरी काढ."

निदिया दोघांच्या मध्ये उभी होती. तिच्या वडिलांना पुरून आठ दिवस झाले होते. उद्या नववा दिवस, शेवटची प्रार्थना. ती आटोपली की सगळी वस्ती घरून थेट इथे येणार. त्याआधी तिला दगडावर वडिलांचं नाव हवं होतं. एवढंच हवं होतं. रडणं वगैरे होईल तेव्हा होईल.

वडिलांनी सांगून ठेवलं होतं : मला एवारिस्तोशेजारी ठेवा, दोघांना मिळून एकच दगड पुरे, नवीन काही कोरू नका. एवारिस्तो म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, ही जुनी कबर त्याचीच. एकोणीसशे एकोणऐंशी साली तापाने गेला. दगडावर त्याचं नाव होतं, नावाखाली साल होतं आणि त्याखाली बरीच कोरी जागा होती.

"आत्या, मी नाव घालणार आहे."

"त्याने नको म्हटलंय."

"लाजून म्हणाले असतील."

"कोण, लुकड्या? शेजारणीची कोंबडी शर्टात घालून आणताना नाही लाजला तो!"

क्रिस्पीन हसला. पोट सुटल्यावरही वडील सगळ्यांचे लुकड्याच राहिले होते. अमाउरी पेगेरो हे नाव निदियाने फक्त पाद्रीबाबांच्या आणि बँकेतल्या कारकुनाच्या तोंडी ऐकलं होतं.

हे अमाउरी पेगेरो नऊ वर्षं अमेरिकेत बेसबॉल खेळले. मोठ्या लीगमध्ये नव्हे. खालच्या लीगांमध्ये, जिथे एका सामन्यासाठी दहा तास बसमध्ये बसायचं, चौघांनी एका खोलीत राहायचं आणि तिन्ही वेळा पाव खायचा. ते कॅचर होते. फलंदाजाच्या मागे उकिडवं बसून चेंडू झेलायचे. नवीन गावात गेलं की लॉकरवर पांढरी चिकटपट्टी लावून तिच्यावर त्यांचं नाव लिहीत. खेळाडूला काढून टाकलं की पट्टी ओढून काढत. दुपारपर्यंत तिथे दुसऱ्याचं नाव. सहा गावं, सहा पट्ट्या. एकदा ते मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खाली पोचले, आणि गुडघ्यांनी दगा दिला. संघाच्या डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरून विचारलं होतं, "पंचविशीच्या पोराचे गुडघे असे कसे?" ही गोष्ट वडील हसत हसत सांगत, आणि दरवेळी तिथेच थांबत.

"चिकटपट्टीवरच राहिलं त्यांचं नाव," निदिया म्हणाली. "एकदा तरी न निघणाऱ्या जागी असू दे. सत्तावन्न हे काय जायचं वय आहे, आत्या?"

"साठ वर्षं उन्हातान्हात—" आत्या थांबली. तिने जपमाळ दुसऱ्या हातात घेतली. "साठीला टेकलाच होता की."

क्रिस्पीन दगडावरची धूळ पुसत होता. "तो क्लबच्या करारावर सही करायला गेला तो दिवस मला आठवतो," तो म्हणाला. "मी नऊ वर्षांचा. चेचे जीप घेऊन आला होता. पोरं तयार करायची आणि क्लबवाल्यांना दाखवायची, हाच त्याचा धंदा. एवारिस्तोच्या प्रार्थना चालू होत्या, मधल्याच दिवशी उचललं लुकड्याला. लोक म्हणाले, दगडाच्या काळजाचा आहे. पण क्लबवाले कशाला थांबतायत? त्यांना सोळाचं पोर लागतं. एकोणिसाव्या वर्षी त्यांच्या लेखी म्हातारा."

आत्या जपमाळेचे मणी ओढू लागली.

निदियाला हे माहीत होतं. भावाची माती ओली असताना वडील निघून गेले. त्याचंच ओझं वाहतात, असं तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं. ते स्वतःच्या वाढदिवसाला केक कापत नसत. फुलं घेऊन इथे येत. एवारिस्तोच्या वाढदिवसाला मात्र आत्या दुधातला भात करायची आणि वडील पातेलं खरवडून खायचे. क्लबने नवे ग्लोव्ह दिले तरी नऊ वर्षं ते भावाच्याच ग्लोव्हने खेळले. आतल्या बाजूला शाईने लिहिलेलं होतं, ए. पे. 'दुसरा हाताला बसतच नाही,' म्हणायचे. काल तिने त्यात हात घालून पाहिला. आतलं चामडं बोटांच्या आकाराचं झालं होतं. तिला काहीच वाटलं नाही. तिने तो परत खिळ्याला अडकवला.

आता कबरीच्या कडेने मुंग्यांची रांग चालली होती. निदिया ती बघत राहिली.

"ऊन चढतंय," क्रिस्पीनने खडू काढला. "कोरायचं की नाही?"

"कोरा," निदिया म्हणाली. "अमाउरी पेगेरो. खाली यंदाचं साल."

तो गुडघ्यांवर बसला. कोऱ्या जागेत त्याने खडूने पहिलं अक्षर काढलं, मग दुसरं. अडवायला आत्या पुढे येईल असं निदियाला वाटलं. आत्या पुढे आलीही, पण तिने नुसता दगडावर हात ठेवला आणि खडूची अक्षरं बराच वेळ पाहिली.

"अमाउरी कोर," ती म्हणाली. "राहूनच गेलं होतं बिचाऱ्याचं नाव. पण त्याच्याखाली एकोणऐंशी साल घाल, क्रिस्पीन. सोळाचं होतं ते पोर. आणि वर एवारिस्तो आहे ना, तिथलं एकोणऐंशी घासून काढ नि यंदाचं घाल. एवारिस्तोच होता आपला लुकड्या."