झिऱ्याचा तळ

छत्तीस सालच्या उन्हाळ्यात मोडनिंबजवळचा ओढा आटला. काठावर जुन्या पांढरीचं टेकाड होतं. गावाची पहिली घरं तिथंच वसली होती. आता खापरं तेवढी उरली होती.

त्या टेकाडाखाली, ओढ्याच्या वाळूत, रोज पहाटे कुणीतरी झिरा उकरून ठेवायचं. केराबाईची बाळंतीण सून त्याच पाण्यावर तगली होती. म्हणून केराबाई रोज झिऱ्याच्या काठावर चतकोर भाकरी ठेवायची. भाकरी मात्र तशीच वाळून जायची.

"कोन उकरतंय, बगितलं का?" तिच्या नवऱ्यानं, येडूनं विचारलं.

"जुन्या पांढरीची मानसं असतील की. पानी देत्यात, नाव कशाला इचारायचं?"

दुसऱ्या दिवशी ती घागर घेऊन वाकली, तेव्हा चांगलं उजाडलं होतं. झिऱ्याच्या ओल्या कडेवर बोटांचे ओरखडे दिसत होते. सगळे तळापासून निघून वर आलेले.

केराबाईनं घागर बाजूला ठेवून पदरातली चतकोर भाकरी काढली.

"उपाशी ठेवलं की वो तुमाला," ती पुटपुटली. मग तळाच्या वाळूत मनगटापर्यंत हात घालून तिनं भाकरी पुढं केली.

भाकरी कुणीतरी अलगद काढून घेतली. आणि तिच्या रिकाम्या तळव्याला खालून कपाळ टेकवलं.