खेळातला मृत्युदेव

"चौघांपैकी एक इथेच राहील," मृत्युदेवाचा घोगरा आवाज काढत मी म्हणालो आणि झेंडू खोचलेली मातीची कवटी टेबलावर मधोमध ठेवली. "बाकीचे पाताळातून जिवंत बाहेर पडतील. कोण राहणार?"

आमचा हा गोष्टीचा खेळ: प्रत्येकाचं पात्र एका कागदावर लिहिलेलं, त्याचं नशीब फाशांवर. पात्रं चार होती, खेळाडू मात्र तीनच: रेवती, साकेत आणि स्वतःचं पात्र खेळत गोष्टही सांगणारा मी. चौथं पात्र, वैद्य, निनादचं. निनाद फेब्रुवारीत अपघातात गेला. तेव्हापासून दर रविवारी त्याची बहीण रेवती स्वतःची तिरंदाज खेळायची आणि भावाच्या वैद्याचे फासेही तीच टाकायची. पात्र मेलं की त्याचा कागद फाडायचा, हा आमचा नियम. पण निनादच्या कागदाला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. म्हणून तर मी खेळात हा देव आणला होता.

"रेवती," साकेत चाचरत म्हणाला, "वैद्याला राहू दे ना इथे. सुटेल बिचारा. तूही सुटशील."

तिने निनादचा कागद उचलला. त्याचं तिरपं अक्षर, कोपऱ्यात चहाचा डाग. फाड एकदाचा, मी मनात म्हणत होतो.

तिने तो अलगद खाली ठेवला. मग स्वतःचा कागद ओढला आणि टर्रकन फाडला.

"माझी तिरंदाज राहते," ती माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. "वैद्याला जाऊ दे. या वेळी तरी."

मी देवाचा आवाज काढायला गेलो. निघाला तो माझाच, आणि तोही धड नाही.