कडकमावशीचा टॅब

या, असे जवळ सरकून बसा. मागचे तुम्हीही पुढे या. गोष्ट एवढीशी आहे, तिच्यासाठी आवाज चढवावा असं वाटत नाही. एका बाईने टॅब घेतला, त्याची ही गोष्ट. हसू नका. देवाला कुठली गोष्ट गोड लागेल, हे ठरवणारे आपण कोण?

तर भर दुपारी ती दुकानातल्या काचेच्या टेबलापाशी उभी होती. इस्पितळाच्या धुलाईघरात जन्मभर चादरी धुऊन, इस्त्री करून नुकतीच निवृत्त झालेली. तिची चादर पुठ्ठ्यासारखी कडक असायची, बोलणंही तसंच. म्हणून नर्सबाया तिला कडकमावशी म्हणायच्या. शेजारी तिचा मुलगा. हौस तिची, पैसे तिचे. निवड मात्र मुलाने घरूनच करून आणलेली.

त्याने निवडलेला टॅब खास वयस्कर माणसांसाठीचा होता. पडद्यावर चार ठळक चित्रं: फोन, औषधांच्या वेळा, हवामान, भजनं. बाकी सगळं कुलूपबंद आणि किल्ली मुलाच्या मोबाइलमध्ये. आईने भलतं काही दाबू नये, कुणी तिला फसवू नये, असं तो टेबलापलीकडच्या, दुकानातल्या मुलीला समजावून सांगत होता. काळजी खरी होती, तिच्यात काही खोट नव्हती. म्हणून तर ती झिडकारणं कठीण.

कडकमावशीने तो टॅब बाजूला सारला आणि पलीकडचा मोठा ओढून घेतला. त्यावर तळहात सपाट टेकवला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत दाबून फिरवला. धुलाईघरातली सवय. सपाट काही समोर आलं, की सुरकुती राहिली का ते हाताने बघायचं. टॅब बिचारा गांगरला. एक गाणं सुरू झालं, कॅमेरा उघडला आणि पडदाभर मावशीची हनुवटी आणि दोन नाकपुड्या दिसू लागल्या.

"बघितलंस?" मुलगा म्हणाला. "म्हणून म्हणतो, तुला तो साधाच बरा."

"हाच घेणार," मावशी म्हणाली.

मुलीने विचारलं, मावशी, वापर कशासाठी करणार? मुलगाच उत्तर द्यायला लागला, तसं मावशीने त्याला हाताने थांबवलं. विजेचं बिल भरायचं, बातम्या वाचायच्या, बहिणीशी तोंड बघून बोलायचं. भजनं तिला तोंडपाठ होती, त्यांना यंत्र लागत नव्हतं. आणि उरलेल्या वेळात खुनाच्या मालिका.

मुलाने इकडेतिकडे बघितलं. या वयात कसले खून बघतेस, तो हळूच पुटपुटला.

"लोकांच्या रक्ताचे डाग काढण्यात जन्म गेला रे माझा," ती म्हणाली. "कुणाचं रक्त, कशाने सांडलं, कधी कुणी सांगितलं नाही. आता शेवटपर्यंत बघू दे की."

मुलीने तसाच नवा टॅब खोक्यातून काढून चालू केला. आधी कुलपाचे आकडे टाकायचे होते. मावशीने मुलाला पाठ फिरवून उभं राहायला लावलं आणि आपले आकडे टाकले. रोज एवढीही तसदी नको, नुसतं बोट टेकवलं की उघडेल, मुलगी म्हणाली. मावशीने अंगठा टेकवला. यंत्राने नाही म्हटलं. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग दुसरा हात. ओढणीच्या टोकाने मुलीने पुसून बघितलं, तरी नाहीच. वाफेने आणि तापल्या कापडाने बोटांवरच्या रेषा कधीच्या पुसून नेल्या होत्या.

मुलाला हायसं वाटलं, ते लपलं नाही. आकडे तू विसरशील, अडकून बसशील, असं म्हणत त्याने आपलं बोट शर्टाला पुसलं आणि पुढे केलं. "माझं लावून ठेवा. पाहिजे तेव्हा मी उघडून देत जाईन."

मुलीने मावशीकडे बघितलं.

"तुझं बोट मागे घे," मावशी मुलाला म्हणाली. आवाज चादरीसारखाच कडक होता. "थांब, एक राहिलंय."

तिने डाव्या हाताची करंगळी पुढे केली. इस्त्री फिरवताना डावा हात कापड ताणून धरतो. वाफेपासून वाचावी म्हणून करंगळी तेवढी वर उचललेली असते. धुलाईघरातली प्रत्येक बाई ती तशीच धरते. का, असं विचारलं तर सांगता यायचं नाही. करंगळी टेकली. यंत्राने पुन्हा टेकवायला सांगितलं, पुन्हा टेकली. आणि पडदा उजळला.

करंगळीवर पर्वत पेलल्याची कथा आपण किती वेळा ऐकली असेल. दर वेळी डोळे भरून येतात. इथे तर नुसता एक टॅब उघडला होता, तरी टेबलापलीकडची मुलगी टाळी वाजवायचीच काय ती राहिली.

"अगं, पण कधी अडीअडचणीला मला उघडायचा झाला तर?" मुलाने विचारलं.

"मला हाक मार. मी येऊन उघडून देईन."

निघताना त्याने पिशवी धरायला हात पुढे केला. तीही तिने दिली नाही.

आता उठण्याआधी एवढंच मागणं. आपण इथे बसलो आहोत, या घटकेलाही त्या धुलाईघरात बाया उभ्या आहेत. समोर वाफ, हाताखाली दुसऱ्या कुणाची चादर आणि एक करंगळी वर. रात्री हात जोडाल, तेव्हा त्यांची आठवण असू द्या.